रस्त्यावर बर्फ येऊ नये म्हणून उभारलेल्या कुंपणाला मुद्दाम फटी का ठेवतात?

घाटंजीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा किंवा लग्नात थंड पाण्याच्या ड्रममध्ये टाकलेली लादी. यवतमाळ जिल्ह्यात हिवाळा कितीही कडक पडला तरी शेकोटीच्या पुढे त्याची मजल जात नाही. तरीही आज आपण बर्फापासून रस्ते वाचवणाऱ्या कुंपणाबद्दल बोलणार आहोत. इंग्रजीत त्याला 'स्नो फेन्स' म्हणतात. हे कुंपण कसं काम करतं, हे ज्यानं खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्याला लवकर कळतं. बर्फाच्या देशातल्या शहरी माणसाला कदाचित तेवढ्या लवकर कळणार नाही.

खळं आठवा. तिव्यावर उभा असलेला माणूस टोपली हलवत धान्य खाली सोडतो. वारा चांगला असेल तर दाणा पायाशी पडतो आणि कुटार लांब उडून जातं. मधेच वारा पडला, की कुटारही दाण्यावरच पडतं आणि सगळे हात थांबवून वाऱ्याची वाट पाहत बसतात. म्हणजे वाऱ्याच्या अंगात जोर असेपर्यंत तो वजन वाहून नेतो. जोर कमी झाला, की हातातलं ओझं तिथंच टाकतो.

स्नो फेन्सचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे. वाऱ्यानं आणलेलं ओझं रस्त्यावर पडायच्या आत, शे-दोनशे फूट अलीकडेच पडावं, यासाठी त्याचा जोर तिथं कमी करायचा.

आकाश निळं, खाली वादळ

आपल्याला वाटतं, बर्फाळ प्रदेशात रस्ता बंद होतो तो आभाळातून पडणाऱ्या बर्फामुळे. तेही खरं आहे, पण मोकळ्या माळरानावर जास्त त्रास देतो तो आधीच पडून गेलेला बर्फ. कडाक्याच्या थंडीत हा बर्फ पिठासारखा कोरडा आणि भुरभुरीत असतो. ताशी २०-३० किलोमीटरचा वारा सुटला, की तो जमिनीवरून सरकू लागतो. काही कण घरंगळत जातात. काही कण उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीत खालचे आणखी चार कण उठवतात. वारा वाढला की बारीक कण हवेतच तरंगत राहतात.

वर ऊन पडलेलं असू शकतं, ढगाचा पत्ता नसतो, आणि खाली माणसाच्या उंचीपर्यंत पांढरी वाहती भिंत असते. उडणाऱ्या बर्फाचा बराचसा भाग जमिनीपासून पहिल्या चार-पाच फुटांत असतो. आता गाडी चालवणाऱ्याचे डोळे कुठे असतात ते पाहा. साध्या कारमध्ये ते रस्त्यापासून साधारण पावणेचार फुटांवर, म्हणजे नेमके या थरात असतात. ट्रकचालक मात्र त्याच्या वर बसलेला असतो. त्याला दूरवर मोकळं दिसतं, म्हणून तो वेग कमी करत नाही. समोर थरात बुडालेली, थांबलेली कार त्याला दिसतच नाही. अमेरिकेत एकामागून एक पन्नास-पन्नास वाहनं धडकल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बर्फाच्या निसरड्याइतकाच हा न दिसण्याचा हात असतो.

या अवस्थेला 'व्हाइटआउट' म्हणतात. जमीन पांढरी, हवा पांढरी, आकाशही पांढरं. रस्त्याची कड कुठली आणि शेत कुठलं हे कळत नाही. मार्च २०१३ च्या सुरुवातीला जपानच्या होक्काइदो बेटावर असंच वादळ आलं आणि त्यात नऊ माणसं गेली. त्यातली काही गाडी सोडून चालत निघाली आणि घराच्या आसपासच गारठून गेली. एका कुटुंबाची गाडी बर्फाखाली गाडली गेली, धूर सोडणारी नळी बुजली आणि आतल्या माणसांचा कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेला. होक्काइदोच्या लोकांना बर्फ नवा नाही. त्यांनाही हे टाळता आलं नाही.

एक आकडा इथं लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर तो वाहून नेत असलेला बर्फ दुप्पट होत नाही, जवळपास चौदा पट होतो. म्हणूनच रस्ता तासभर ठीक असतो आणि पुढच्या दहा मिनिटांत नाहीसा होतो.

भिंत बांधली तर?

पहिला विचार कुणाच्याही मनात हाच येईल. बर्फ येतोय तर आडवी भिंत बांधा, विषय संपला.

विषय तिथं संपत नाही. भरीव भिंतीवर वारा आपटतो, वर चढतो आणि पलीकडे जोरात कोसळतो. भिंतीच्या मागे तो भोवऱ्यासारखा फिरू लागतो. बर्फ पडतो, पण भिंतीला लागून, आखूड आणि उंच ढिगाऱ्यात. मागच्या बाजूला हा ढीग भिंतीच्या उंचीच्या दहा-बारा पट लांब होतो, पुढच्या बाजूलाही साधारण तेवढाच. थोड्याच दिवसांत भिंत दोन्हीकडून भरते. मग वाऱ्याला ती भिंत राहत नाही, उतार होतो, आणि तो बर्फासकट आरामात वर चढून पलीकडे जातो.

आता आपल्याकडचा तुराट्यांचा कुड घ्या. तुराट्या उभ्या बांधल्या तरी मधे फटी राहतात. कुडामागे बसलं तर वारा लागतो, पण मंद लागतो, भोवरे फार होत नाहीत. स्नो फेन्स अगदी असाच असतो. त्यात जवळपास निम्मी जागा भरीव आणि निम्मी मोकळी ठेवतात. वाऱ्याचा काही भाग फटींतून हळू होऊन जातो. हा हळू वारा वरून येणाऱ्या जोरदार वाऱ्याला खाली कोसळू देत नाही, मधे गादीसारखा पसरतो. त्यामुळे कुंपणामागे मंद वाऱ्याचा लांबच लांब पट्टा तयार होतो आणि बर्फ त्यात शांतपणे पडत जातो.

निम्म्या फटींच्या कुंपणामागे ही रास उंचीच्या जवळपास ३५ पट लांब पसरते. कुंपण दोन मीटरचं असेल तर रास ७० मीटरची. तेवढ्याच उंचीची भरीव भिंत याच्या मानानं बराच कमी बर्फ साठवते. साहित्य निम्मं लागतं आणि काम जास्त होतं, असा सौदा बांधकामात क्वचितच मिळतो.

रास म्हणायचं कारण हेच, की हा बर्फ कुंपणाला 'अडकत' नाही. बरेच लोक समजतात की कुंपण चाळणीसारखं बर्फ गाळून ठेवतं. तसं असतं तर बर्फ कुंपणाच्या अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला साठला असता. प्रत्यक्षात मोठी रास पलीकडे, म्हणजे कुंपण आणि रस्ता यांच्या मधे पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुंपण चुकीच्या बाजूला लावलंय.

वायोमिंगचा महामार्ग

स्नो फेन्स जुनाच आहे. अमेरिकेत रेल्वेवाले १९ व्या शतकापासून रुळांच्या कडेला फळ्यांची कुंपणं लावत होते. पण ती अंदाजानं लावलेली असायची. किती उंच, किती लांब, रुळापासून किती दूर, याचं पक्कं गणित नव्हतं. ते गणित जन्माला आलं एका फसलेल्या रस्त्यातून.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात इंटरस्टेट ८० हा पूर्व-पश्चिम महामार्ग आहे. त्याचा लॅरमी ते वॉलकॉट हा टप्पा ऑक्टोबर १९७० मध्ये सुरू झाला. जुना रस्ता उत्तरेकडून वळसा घालून जायचा. नव्या रस्त्यानं एल्क माउंटनच्या पायथ्याजवळून जवळची वाट धरली. तिथल्या वाऱ्याची आणि बर्फाची ख्याती जुन्या रहिवाशांना माहीत होती. नकाशावर मात्र ती वाट सरळ आणि छान दिसत होती.

पहिल्याच हिवाळ्यात हा महामार्ग पुन्हा पुन्हा बंद करावा लागला. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते, हो ची मिन्ह ट्रेलचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं. ट्रकचालकांनी या रस्त्याला 'स्नो ची मिन्ह ट्रेल' असं नाव ठेवलं आणि ते आजही टिकून आहे.

लॅरमीतच अमेरिकी वनसेवेच्या संशोधन केंद्रात रोनाल्ड टॅबलर हे जलशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचा मूळ विषय रस्ते नव्हताच. कोरड्या माळरानावर उडून जाणारा बर्फ कुंपणानं अडवून एका जागी साठवला, तर उन्हाळ्यात वितळून त्याचं पाणी गुरांच्या तळ्यांना मिळेल का, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या भाषेत पाणलोटाचं काम. (शेततळ्याच्या बाता मारणाऱ्या आपल्या तालुक्यात हा माणूस सहज खपला असता.) कुंपणामागे किती बर्फ साठतो हे त्यांना आधीच मोजायचं होतं, म्हणून रस्त्याचं संकट आलं तेव्हा मोजमाप करण्याची सवय तयार होती.

१९७१ पासून या महामार्गाच्या कडेनं मोठी लाकडी कुंपणं उभी राहू लागली. आडव्या फळ्या, मधे फटी आणि वरचा भाग वाऱ्याच्या दिशेनं किंचित झुकलेला. टॅबलर वर्षानुवर्षं राशींची उंची-लांबी मोजत राहिले. गोठलेल्या तळ्यावर कुंपणांची आणि रस्त्यांची छोटी मॉडेलं मांडून खऱ्या वाऱ्यात खऱ्या बर्फाचं वागणं पाहिलं. १९८२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत या कुंपणांचा जमाखर्च मांडला. कुंपणांमुळे बर्फ हटवण्याचा खर्च तिथं एक तृतीयांशाहून जास्त घटला होता आणि उडत्या बर्फातले अपघातही कमी झाले होते.

पुढे १९९१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून जे मार्गदर्शन आलं, त्यातली एक तुलना अजून सगळीकडे सांगितली जाते. एक टन बर्फ यंत्रानं रस्त्यावरून हटवायला साधारण तीन डॉलर लागतात, आणि तोच एक टन कुंपणानं रस्त्याच्या अलीकडे अडवायला साधारण तीन सेंट. शंभर पटींचा फरक. भाव तेव्हाचे आहेत, पण तुलना कळायला पुरेशी आहे.

हा रस्ता आजही दर हिवाळ्यात बंद होतो, हेही सांगायला हवं. कुंपणं आहेत म्हणून वारा नाहीसा होत नाही. जिथं कुंपण नाही तिथं तो आपलं काम करतोच.

गणित करून पाहू

आता स्वतः एक कुंपण आखू. कल्पना करा, रस्त्याच्या पश्चिमेला एक किलोमीटर सपाट, मोकळं रान आहे आणि हिवाळ्यात वारा तिकडूनच येतो. पूर्ण हिवाळ्यात तिथं पडणारा बर्फ वितळवला तर १०० मिलिमीटर पाणी होईल, असं धरू.

रस्त्याच्या एक मीटर लांबीमागे एक किलोमीटर रान आहे. त्यावर १०० मिलिमीटर म्हणजे १०० टन पाणी. सगळंच काही उडत नाही. काही बर्फ गवतात, खळग्यांत अडकतो, काही घट्ट होतो. सुमारे ७० टक्के उडतो असं मानलं तर ७० टन. त्यातलाही काही भाग वाटेतच हवेत विरून जातो. कोरड्या हवेत बर्फाचे कण पाणी न होता थेट वाफ होतात आणि प्रवास जितका लांब, तितकं हे विरणं जास्त. शेवटी रस्त्यापर्यंत पोचतो तो साधारण ५० टन.

रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे ५० टन, म्हणजे दहाचाकी ट्रकच्या तीन खेपा. एक किलोमीटर रस्त्यासाठी तीन हजार खेपा. बर्फ हटवणाऱ्या यंत्रांना एवढा माल उचलायला लावायचा की वाऱ्याकडूनच अलीकडे टाकून घ्यायचा, हा प्रश्न आहे.

टॅबलर यांच्या सूत्राप्रमाणे कुंपणाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा २.२ वा घात करायचा आणि ८.५ नं गुणायचं. उत्तर येतं ते कुंपणाच्या एका मीटर लांबीमागे किती टन बर्फ साठेल याचं. १.२ मीटरचं, म्हणजे चार फुटी कुंपण घेतलं तर जेमतेम १३ टन. आपल्या ५० टनांपुढे ते जानेवारीतच भरून जाईल. तीन मीटरचं घेतलं तर ९५ टन, गरजेपेक्षा दुप्पट. आपलं काम सव्वादोन मीटरमध्ये भागतं.

उंची वाढवली की साठवण किती झपाट्यानं वाढते हे पाहिलंत? अडीच पट उंचीला साडेसात पट साठवण. म्हणून चार फुटी कुंपणांच्या एकामागून एक ओळी लावण्यापेक्षा एकच उंच कुंपण स्वस्त पडतं. रस्त्याकडेला हिवाळ्यापुरती लावली जाणारी ती नारिंगी प्लास्टिकची जाळी किंवा तारेत ओवलेल्या पट्ट्यांची कुंपणं छोट्या कामाला ठीक आहेत. मोठ्या माळावर ती लवकर गाडली जातात.

आणि भरलेलं कुंपण म्हणजे नसलेलं कुंपण. रास एकदा पूर्ण झाली, की तिचा आकार माशाच्या पाठीसारखा गुळगुळीत होतो, वारा तिच्यावरून न अडखळता जातो आणि नवा बर्फ थेट रस्त्यावर येतो. त्यामुळे एका वादळाचा हिशेब पुरत नाही, अख्ख्या हिवाळ्याचा करावा लागतो.

सगळ्यात महाग चूक

आता सव्वादोन मीटरचं कुंपण कुठं उभं करायचं? रास ३५ पट लांब होते, म्हणजे ७९ मीटर. तेव्हा रस्त्यापासून कमीत कमी ८० मीटर दूर.

नेमकी इथंच माणसं चुकतात. कुंपण रस्त्याच्या कडेला लावायचं असतं, असं मनात पक्कं बसलेलं असतं. शिवाय रस्त्याच्या हद्दीत जागा सरकारी असते, पलीकडे शेतकऱ्याची. त्याला विचारा, करार करा, मोबदला द्या, त्यापेक्षा हद्दीतच २०-२५ मीटरवर कुंपण ठोकून मोकळं व्हायचा मोह होतो. मग कुंपण आपलं काम चोख करतं. रास पडते आणि तिची शेपटी बरोबर रस्त्यावर येते. कुंपण नसताना जो बर्फ निदान काही प्रमाणात रस्ता ओलांडून पुढे गेला असता, तोही आता रस्त्यावरच उतरतो.

आणखी दोन-तीन गोष्टी छोट्या दिसतात, पण कुंपण चालणार की नाही ते त्याच ठरवतात.

कुंपणाच्या खाली जमिनीपासून मोकळी फट सोडावी लागते, उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा थोडी जास्त. सव्वादोन मीटरच्या कुंपणाला वीतभर. या फटीतून वारा जोरात निघतो आणि कुंपणाचा पाया साफ ठेवतो. फट नसेल तर बर्फ पायाशीच साठतो, कुंपण हळूहळू गाडलं जातं आणि जेवढं गाडलं तेवढी उंची वाया जाते. शिवाय बर्फ दबून खाली बसताना आत अडकलेल्या फळ्याही ओढून मोडतो.

टोकांकडून वारा वळून येतो, म्हणून तिथली रास आखूड आणि कमी असते. त्यामुळे जेवढा रस्ता वाचवायचा त्यापेक्षा कुंपण दोन्हीकडे बरंच पुढे न्यावं लागतं. मधे ट्रॅक्टर जायला म्हणून वाट सोडली तर वारा त्या वाटेतून बोळातल्यासारखा सुसाट निघतो आणि नेमका त्याच्या समोरचा रस्ता बुजतो. वाट हवीच असेल तर दोन कुंपणं एकमेकांच्या मागेपुढे सरकवून लावतात.

आणि दिशा. कुंपण रस्त्याला समांतर असलंच पाहिजे असं नाही, ते वाऱ्याला आडवं असलं पाहिजे. वारा तिरका येत असेल तर कुंपणाचे तुकडे तिरके लावतात. वाऱ्याची दिशा नकाशात शोधण्यापेक्षा हिवाळ्यात त्या जागी जाऊन झुडपांमागे पडलेल्या राशी पाहिल्या तर चटकन कळते. प्रत्येक झुडूप आपापली रास वाऱ्याच्या दिशेनं लांब ओढून बसलेलं असतं.

फळ्याच कशाला, मका चालेल

आपल्या वाचकांना सगळ्यात जवळचा वाटेल असा प्रकार अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आहे. तिथलं वाहतूक खातं रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांना मक्याच्या काही ओळी न कापता हिवाळाभर उभ्या ठेवायला सांगतं आणि त्याचे पैसे देतं. वाळलेली ताटं, मधल्या फटी, सगळं आयतंच. कुठे कडब्याच्या गोल गठ्ठ्यांची रांग लावतात, कुठे झुडपांच्या ओळी लावतात. जमीन शेतकऱ्याचीच राहते, भांडण नाही आणि वसंतात कुंपण काढायचा खर्चही नाही. कणसं मात्र पक्षी आणि हरणं खातात, हे मोबदल्यात धरलेलं असतं.

झाडांचं कुंपण जपाननं फार आधी केलं. उत्तर जपानमधल्या नोहेजी इथं १८९३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कडेनं खास बर्फ अडवण्यासाठी वन लावलं गेलं. त्यामागे होंडा सेइरोकु हे वनशास्त्रज्ञ होते. पुढे टोकियोचं हिबिया उद्यान आखणारे तेच. झाडांच्या कुंपणाची अडचण एकच. पहिली काही वर्षं ते फार काही करत नाही, आणि लहान असताना जवळ लावलेलं झाड मोठं झाल्यावर त्याची रास रस्त्यापर्यंत पोचते. वीस वर्षांनंतरची उंची धरून अंतर ठरवावं लागतं.

होक्काइदोत आणखी एक प्रकार दिसतो. जागाच नसेल, रस्त्याला खेटूनच कुंपण लावावं लागणार असेल, तर तिथं खाली मोठी फट ठेवून वरच्या पट्ट्या तिरक्या बसवतात. हे कुंपण वाऱ्याला हळू करत नाही. उलट त्याला खाली वळवून रस्त्यावरून जोरात झाडू मारायला लावतं. आणि रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली तोंड केलेले बाण टांगलेले असतात. बर्फात काहीच दिसेनासं झालं तरी चालकाला वर पाहून कळतं, की बाणाखाली रस्त्याची कड आहे. हिवाळ्यात तिकडे फिरायला जाणारे आपले पर्यटक हे बाण पाहतात आणि बऱ्याच जणांना त्यांचा अर्थ शेवटपर्यंत कळत नाही.

रस्त्याचा आकारही महत्त्वाचा आहे. खोदून, दोन्हीकडे दरड ठेवून नेलेला रस्ता म्हणजे बर्फासाठी खणलेली चारी. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा भराव घालून उंच केलेला, बाजूचे उतार सौम्य असलेला रस्ता वारा स्वतःच झाडून ठेवतो. कडेचे लोखंडी पत्र्याचे कठडेसुद्धा छोट्या भरीव भिंतीसारखे वागतात आणि रस्त्यावरच रास पाडतात. म्हणून अशा पट्ट्यांत तारांचे कठडे बरे.

हिमालयात अशी कुंपणं का फारशी दिसत नाहीत?

मनाली, रोहतांग, काश्मीर फिरून आलेल्यांना हा प्रश्न पडेल. रोहतांग ३,९७८ मीटर उंचीवर आहे, तिथं बर्फ काय कमी आहे?

बर्फ आहे, पण ८० मीटर सपाट जागा नाही. रस्त्याच्या एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. तिथला मोठा धोका उडत्या बर्फाचा नाही, वरून कोसळणाऱ्या हिमकड्यांचा आहे. त्यामुळे उपायही वेगळे आहेत. रस्त्यावर छत घालून बर्फ वरून घसरून जाऊ द्यायचा, किंवा सरळ बोगदा काढायचा. २०२० मध्ये सुरू झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा हे त्याचं मोठं उदाहरण. मनालीत १९६९ मध्ये सुरू झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था हेच काम करत आली. आता ती संरक्षण संशोधन संस्थेच्या एका नव्या प्रयोगशाळेत सामील झाली आहे.

कुंपण तिथंही वापरतात, पण रस्त्याजवळ नाही, वर डोंगरमाथ्यावर. वारा माथ्यावरून बर्फ उचलून पलीकडच्या उतारावर टाकतो, तिथं छज्जासारखा पुढे आलेला थर तयार होतो आणि तोच एक दिवस तुटून खाली येतो. माथ्याच्या अलीकडेच कुंपण लावलं तर बर्फ तिथंच पडतो आणि धोक्याच्या उतारावर भार कमी येतो. काश्मीरच्या वाटेवर बनिहालजवळच्या माथ्यांवर असे प्रयोग झालेले आहेत.

बर्फाऐवजी वाळू असली तरी

राजस्थानात हीच गोष्ट वाळूची होते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, म्हणजे काझरीनं, टेकड्यांवर स्थानिक झुडपांच्या काड्या रोवून बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी करायची आणि त्यांच्या आडोशाला झाडं जगवायची पद्धत रुजवली. चीनमध्ये शापोतौ इथं १९५० च्या दशकात वाळवंटातल्या रेल्वेमार्गासाठी गव्हाच्या काडाच्या एक-एक मीटरच्या चौकटी केल्या, रूळ अजून वाळूखाली गेलेले नाहीत. आपल्या कोकणात किनाऱ्यावर सुरूची जी बनं दिसतात, ती केवळ सावलीसाठी लावलेली नाहीत. वारा आणि वाळू यांना गावात शिरायच्या आत थकवणं हे त्यांचं काम आहे.

आणि जळगावची केळी. तिथल्या बागांभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ असते, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून. नियम तेच. फार भरीव आडोसा नको, तो मागे भोवरे करतो. निम्मा मोकळा बरा.

घाटंजीच्या एखाद्या धुऱ्यावर संत्र्यासाठी किंवा भाजीपाल्यासाठी असा आडोसा लावायचा असेल, तर इथून पुढचं थोडं वेगळं आहे. बर्फाच्या कुंपणात रास कुठं संपते ते पाहायचं असतं, पिकात मात्र वारा कुठवर मंद राहतो ते. चांगला फायदा आडोशाच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत मिळतो. ओळ दहा फुटी असेल तर शंभर ते दीडशे फूट, त्यापुढे दुसरी ओळ लागते. आणि बर्फाच्या कुंपणात जी फट मुद्दाम ठेवतात, ती इथं नको. शेवरी जुनी होऊन खालची पानं गळाली, की बुंध्यांमधून वारा नेमका रोपांच्या उंचीवर सुसाट निघतो. वरून ओळ हिरवीगार दिसते आणि खाली रोपं आडवी होतात. तेव्हा दरवर्षी मुख्य ओळीच्या पायाशी गवताची किंवा तुरीची एक बुटकी ओळ धरावी. तूर निघाली की तुराट्या तिथंच उभ्या बांधून टाकल्या तरी चालतं.